करार त्यांचे, कार्यालयं आपली

(ठाणे, कळवा, मुंब्रा आणि कल्याण-डोंबिवली परिसरातल्या महिला गटांचं एक दिवसाचं शिबिर टेंभी नाक्यावर झालं. दुपारच्या सत्रातल्या भाषणाचा हा संपादित मजकूर.)

शिबिराच्या पत्रिकेवर माझ्या भाषणाचा विषय 'आंतरराष्ट्रीय भागीदारी करार आणि देशातील संस्थांचा दर्जा' असा छापला आहे. चहाच्या वेळी एका बाईंनी विचारलं, "ताई, यात आमचं काय?" प्रश्न अगदी रास्त आहे. करारांवर सह्या दिल्लीत होतात, जीनिव्हात होतात, वॉशिंग्टनला होतात. आपण रेशनच्या दुकानात, पोलीस ठाण्यात, सिव्हिल हॉस्पिटलच्या रांगेत उभ्या असतो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, एवढंच मला आज सांगायचं आहे.

आधी 'संस्था' या शब्दाबद्दल. इथं संस्था म्हणजे आपली मंडळं आणि ट्रस्ट नव्हेत. पोलीस ठाणं, वीज मंडळ, महापालिका, तहसील, कोर्ट, महिला आयोग, कामगार आयुक्तांचं कार्यालय या अर्थानं मी संस्था म्हणते आहे. त्यांचा दर्जा मोजायला तज्ज्ञांकडे निर्देशांक असतात. आपल्यासाठी एक साधी कसोटी पुरे आहे. नगरसेवकाची चिठ्ठी न घेता, बरोबर ओळखीचा पुरुष न नेता, एकटी बाई तिथं गेली तर तिचं म्हणणं लिहून घेतात का? लिहून घेतलं तर त्याला उत्तर मिळतं का? आणि उत्तर चुकीचं असेल तर वर दाद मागायला जागा आहे का? या तीन गोष्टी जिथं आहेत ती संस्था बरी म्हणायची.

करारांच्या बाजूनं बोलणारे असं मांडतात की, एखादा देश बाहेरच्या देशांशी बांधला गेला की त्याचा कारभार सुधारतो. कुणीतरी बघतंय म्हटल्यावर न्यायालयं, हिशेब, परवाने सगळं नीट चालायला लागतं. युरोपचं उदाहरण नेहमी दिलं जातं. २००४ साली पोलंड, हंगेरी असे दहा देश युरोपीय संघात गेले. आत येण्याआधी त्यांना कायदे आणि कारभार बदलावा लागला, आणि त्यांनी तो बदललाही. पण आत गेल्यावर दाब सैल झाला. हंगेरीत न्यायालयांचं स्वातंत्र्य इतकं घसरलं की डिसेंबर २०२२ मध्ये संघाला त्या देशाचा निधी रोखून धरावा लागला. म्हणजे बाहेरचा दाब काम करतो, पण तो असेपर्यंतच. आणि आपल्याला तर कुणी कुठल्या संघात घेणार नाही. मग आपल्याकडे करारांनी काय केलं? त्यासाठी दुसऱ्या देशात जायची गरज नाही, महाराष्ट्राचाच अनुभव पुरेसा आहे.

एका वर्षातले कागद

१९९३ हे वर्ष ध्यानात ठेवा. मुंबई दंगलीत आणि बॉम्बस्फोटात होरपळत होती, म्हणून ते वर्ष आपल्याला आठवतं. पण त्याच वर्षी कागदावर बऱ्याच गोष्टी घडल्या. मार्चअखेर भारत सरकारनं सरदार सरोवरासाठीचं जागतिक बँकेचं उरलेलं कर्ज सोडून दिलं. ९ जुलैला भारतानं स्त्रियांविरुद्धच्या सर्व प्रकारच्या भेदभावाचं निर्मूलन करण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराला, म्हणजे 'सीडॉ'ला, मान्यता दिली. सप्टेंबरात जागतिक बँकेनं स्वतःच्या चुका तपासायला एक तपासणी मंडळ नेमायचं ठरवलं. ८ डिसेंबरला महाराष्ट्र राज्य वीज मंडळानं एन्रॉनच्या दाभोळ पॉवर कंपनीशी वीज खरेदीचा करार केला. आणि २० डिसेंबरला भारतानं युरोपीय समुदायाशी भागीदारी आणि विकासाचा सहकार्य करार केला. त्याच्या पहिल्याच कलमात मानवी हक्कांचा आणि लोकशाही तत्त्वांचा आदर हा सहकार्याचा पाया आहे, असं लिहिलेलं होतं.

शब्द पाहिले तर शेवटचा कागद सगळ्यात सुंदर. पण त्या कलमाखाली गुहागरच्या किंवा कळव्याच्या बाईनं तक्रार कुठं करायची, याची त्यात सोय नव्हती. दोन्ही बाजूंच्या अधिकाऱ्यांचा एक संयुक्त आयोग होता, तो आपापसात बोलायचा. म्हणून त्या कलमानं आपल्याकडच्या कुठल्या कार्यालयाची खुर्चीसुद्धा हलली नाही. बाकीच्या कागदांनी मात्र खुर्च्या हलवल्या. काही चांगल्या अर्थानं, काही वाईट.

दाभोळ: बंद खोलीतला करार

एन्रॉनची हकिगत तुमच्यातल्या जुन्या कार्यकर्त्यांना पाठ असेल. तरुण मुलींसाठी थोडक्यात सांगते. जून १९९२ मध्ये कंपनीची माणसं आली आणि २० जूनला, काही दिवसांतच, वीज मंडळाबरोबर समझोता झाला. निविदा मागवल्या नाहीत. दुसऱ्या कुणाचा भाव विचारला नाही. एप्रिल १९९३ मध्ये जागतिक बँकेनंच कळवलं की हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही. तरी डिसेंबरात करार झाला. वीज घेतली नाही तरी ठरलेला स्थिर आकार द्यायचा. दर डॉलरशी आणि इंधनाच्या भावाशी बांधलेला. मंडळानं पैसे दिले नाहीत तर राज्य सरकारनं द्यायचे, राज्यानं नाही दिले तर केंद्रानं. भांडण झालं तर लवाद लंडनमध्ये.

आता यात संस्थांचं काय झालं ते बघा. करार तपासायचं काम ज्या केंद्रीय यंत्रणेचं होतं, तिच्या तपासणीला अर्थ उरला नाही, कारण निर्णय आधी झाला होता. विधानसभेला करार दाखवला गेला नाही. १९९५ मध्ये सरकार बदललं. एन्रॉन समुद्रात बुडवू म्हणणाऱ्यांनी ऑगस्टमध्ये प्रकल्प रद्द केला आणि काही महिन्यांत तोच प्रकल्प आणखी मोठा करून परत स्वीकारला. मतदान करून लोकांनी जे बदललं असं वाटलं, ते करारानं बदलू दिलं नाही. लोकांचा निवडणुकीवरचा विश्वास यानं किती उडाला असेल, याचा निर्देशांक कुणी काढत नाही.

पोलिसांचं काय झालं ते आपल्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं. ३ जून १९९७ च्या पहाटे वेलदूर या कोळ्यांच्या गावात पोलीस शिरले. पुरुष बरेचसे समुद्रावर होते. आंदोलनात पुढं असलेल्या बायकांना घरातून ओढून, मारहाण करून अटक केली, त्यात गरोदर बाईही होती. ॲम्नेस्टीनं त्यावर त्याच वर्षी लिहिलं. ह्यूमन राइट्स वॉचनं १९९९ मध्ये अख्खं पुस्तकभर अहवाल काढला. त्यात नोंदलं आहे की प्रकल्पावर तैनात असलेल्या राज्य राखीव पोलिसांचा खर्च कंपनी सरकारला देत होती. मैत्रिणींनो, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच पैशावर ठाण्याचा बंदोबस्त असेल, तर त्या ठाण्यात बाईची तक्रार कोण लिहून घेणार? करारानं संस्था बिघडते ती अशी. कुणी लाच घेतली की नाही हा वेगळा भाग. संस्थेचं तोंड लोकांकडून वळून करारातल्या दुसऱ्या पक्षाकडे होतं, बिघाड तिथून सुरू होतो.

मे १९९९ मध्ये वीज सुरू झाली, दोन वर्षांत मंडळाला बिलं झेपेनात, मे २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला आणि त्याच डिसेंबरात अमेरिकेत एन्रॉनचं दिवाळं वाजलं. माधव गोडबोले समितीनं एप्रिल २००१ मध्ये दिलेल्या अहवालात दोष एका माणसावर टाकला नाही. केंद्रापासून राज्यापर्यंत प्रत्येक पातळीवर कारभार कोसळला, असं तिनं दाखवून दिलं.

आणखी एक गोष्ट कमी लोकांना माहीत आहे. मार्च १९९४ मध्ये भारतानं ब्रिटनशी गुंतवणूक संरक्षणाचा करार केला, मग इतर अनेक देशांशी. या करारांत परदेशी गुंतवणूकदाराला आपल्या कोर्टांची पायरी न चढता थेट आंतरराष्ट्रीय लवादाकडे जाता यायचं. दाभोळ बुडाल्यावर त्यातल्या अमेरिकन कंपन्यांनी मॉरिशसमधल्या आपल्या कंपन्यांच्या नावानं हेच केलं आणि भारताला तडजोड करावी लागली. म्हणजे कंपनीला दाद मागायला दार होतं. वेलदूरच्या बाईला करारात दारही नव्हतं आणि खिडकीही नव्हती. तिला गुहागरच्या कोर्टात तारखा होत्या. पुढं असे आणखी खटले अंगावर आल्यावर भारतानं २०१६-१७ मध्ये पन्नासहून अधिक देशांना जुने गुंतवणूक करार संपवण्याच्या नोटिसा दिल्या. नव्या नमुना करारात गुंतवणूकदारानं आधी इथल्या कोर्टात पाच वर्षं दाद मागावी, असं म्हटलं आहे. हे शहाणपण यायला वीस वर्षं गेली.

दाभोळमधून एक चांगली गोष्ट निघाली, ती सांगितलीच पाहिजे. वीजदर ठरवायला ऑगस्ट १९९९ मध्ये राज्य वीज नियामक आयोग स्थापन झाला. असे आयोग नेमावेत हा जागतिक बँकेचाही आग्रह होता, आणि त्यामागचे तिचे हेतू काही आपले नव्हते. पण आयोगाच्या कायद्यात जाहीर सुनावणी होती. साधा ग्राहक उभा राहून बोलू शकत होता. पुण्याच्या 'प्रयास'सारखे गट आकडे घेऊन उभे राहिले आणि पहिल्याच दरप्रस्तावाच्या वेळी मंडळाचं पितळ उघडं पडलं. वर्षानुवर्षं मंडळ वीजगळती पंधरा-अठरा टक्के सांगत होतं, ती जवळजवळ दुप्पट निघाली. शेतकऱ्याच्या नावावर चोरी खपवली जात होती. इतकी वर्षं विधानसभेत जे कळलं नाही, ते सुनावणीत कळलं. कशामुळे? बाहेरच्या माणसाला आत येऊन प्रश्न विचारायचा हक्क मिळाला म्हणून.

मणिबेलीपासून मानखुर्दपर्यंत

दुसरी गोष्ट नर्मदेकाठी सुरू होते. सरदार सरोवरात महाराष्ट्रातलं पहिलं बुडणारं गाव मणिबेली, तेव्हाच्या धुळे आणि आताच्या नंदुरबार जिल्ह्यातलं. जागतिक बँकेनं १९८५ मध्ये या धरणाला ४५ कोटी डॉलर मंजूर केले होते. कर्जाच्या करारात पुनर्वसनाच्या अटी होत्या. त्या कागदावरच राहिल्या, कारण अट मोडली तर विचारणार कोण? बँक विचारणार सरकारला, आणि दोघांनाही धरण हवं होतं. आदिवासी बायका-पुरुष पाण्यात उभे राहिले, तेव्हा बँकेला ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमावी लागली. जून १९९२ मध्ये त्या समितीनं बँकेच्याच डोळ्यांत अंजन घातलं. पुढच्या मार्चमध्ये सरकारनं उरलेलं कर्ज नाकारलं. धरण थांबलं नाही, हे दुःख आहेच. पण सप्टेंबर १९९३ मध्ये बँकेला तपासणी मंडळ काढावं लागलं. बँकेनं स्वतःचे नियम मोडल्यामुळे आपलं नुकसान होतंय असं ज्या लोकांना वाटतं, ते या मंडळाकडे स्वतः, आपल्या भाषेत अर्ज करू शकतात.

आता मुंबईला या. लोकलचे रूळ वाढवायचे, मोठे जोडरस्ते काढायचे म्हणून मुंबई नागरी परिवहन प्रकल्प आखला गेला. जून २००२ मध्ये बँकेनं त्याला कर्ज मंजूर केलं. कुर्ला ते ठाणे जादा मार्ग हा त्यातलाच भाग. आज तुमच्यातल्या निम्म्या जणी ज्या गाडीनं आल्या, ती गाडी त्या करारामुळे धावते. त्यासाठी रुळांकडेच्या आणि रस्त्यांवरच्या झोपड्या हटणार होत्या. त्याआधी रेल्वेची पद्धत काय होती? पोलीस आणायचे आणि पाडायचं. फेब्रुवारी २००० मध्येसुद्धा हार्बर मार्गावर दोन हजारांवर झोपड्या अशाच पाडल्या. पण तेव्हा कर्जाची बोलणी चालू होती. आधी पुनर्वसन, मग हटवणं, हे धोरण राज्य सरकारनं कर्जासाठी मान्य केलेलं होतं. वस्तीच्या संघटनांनी आणि महिला मिलनच्या बायकांनी ते धोरण पुढं केलं आणि पाडकाम थांबलं. ज्या वस्तीला आजवर नोटीससुद्धा मिळत नव्हती, तिथं मोजणी बायकांच्या डोळ्यांसमोर झाली, याद्या भिंतीवर लागल्या, तक्रार निवारण समित्या बसल्या. २२५ चौरस फुटांचं का होईना, पक्कं घर मिळालं. त्या अधिकाऱ्यांना लोकांशी बोलायची सवय करारामुळे लागली, हे मी नाकारत नाही.

पण सगळं गोड झालं नाही. २००४ मध्ये जोडरस्त्यांमुळे उठवल्या जाणाऱ्या दुकानदारांनी आणि रहिवाशांनी तपासणी मंडळाकडे अर्ज केले. मणिबेलीच्या लोकांनी जे दार उघडायला लावलं होतं, त्याच दारातून हे लोक गेले. मंडळाच्या चौकशीत निघालं की, विस्थापितांची संख्या आधी ऐंशी हजारांच्या आसपास धरली होती, ती सव्वा लाखाजवळ होती. लोकांना नीट विचारलं नव्हतं, गेलेल्या रोजगाराचा हिशेब नव्हता, आणि नव्या जागी पाणी-गटाराची आबाळ होती. १ मार्च २००६ ला बँकेनं रस्त्यांचे आणि पुनर्वसनाचे पैसे थांबवले. त्यानंतर चार महिन्यांत एमएमआरडीएनं बऱ्याच गोष्टी हलवल्या आणि जूनअखेर पैसे परत सुरू झाले. इतकी वर्षं मोर्चे काढून जे झालं नव्हतं, ते चार महिन्यांत झालं. पण एक लक्षात घ्या. अर्ज करणारे आधीच संघटित होते, त्यांनी कागद जमवले होते. दार नुसतं असून चालत नाही, त्यावर थाप मारणारा हात लागतो.

या घरांबद्दल आणखी दोन गोष्टी बाई म्हणून सांगायच्या आहेत. घर नवरा-बायको दोघांच्या नावावर असावं, ही अट जागतिक बँकेनं आणलेली नाही. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या राज्याच्या नियमांतच जोडीदाराचं नाव घालायची तरतूद आहे. ते श्रेय आपल्याकडच्या चळवळीचं आहे, ते बाहेर देऊ नका. दुसरी गोष्ट, करारात छप्पर होतं पण उजेड नव्हता. मानखुर्द-गोवंडीकडच्या पुनर्वसन वसाहतींत इमारतींमधलं अंतर इतकं कमी ठेवलं की खालच्या मजल्यांवर ऊन पोचत नाही, हवा खेळत नाही. २०१८ साली डॉक्टरांच्या एका संस्थेनं आणि आयआयटी मुंबईनं मिळून अभ्यास केला, तेव्हा या इमारतींची रचना आणि तिथला क्षयरोग यांचा संबंध दिसून आला. दिवसभर त्या खोलीत कोण असतं? बाई, म्हातारी माणसं आणि लेकरं. शिवाय धुण्याभांड्याची कामं जुन्या वस्तीच्या आसपास होती, नवं घर दूर. नवऱ्याची नोकरी बसनं टिकते, बाईची चार घरची कामं टिकत नाहीत. असला हिशेब करारातल्या तक्त्यात आपोआप येत नाही, तो आपण घालायला लावावा लागतो.

सीडॉ आणि विशाखा

तिसरा कागद सीडॉचा. भारतानं मान्यता देताना हात राखूनच दिली. समाजांच्या खाजगी, धार्मिक बाबतीत त्यांच्या पुढाकाराशिवाय ढवळाढवळ करणार नाही, आणि लग्नाची सक्तीची नोंदणी तत्त्व म्हणून मान्य असली तरी एवढ्या मोठ्या देशात व्यवहार्य नाही, असं सरकारनं लिहून ठेवलं. तेव्हा आपल्यातल्या पुष्कळ जणींना वाटलं होतं की, हाही एक शोभेचा कागद.

पण राजस्थानात भटेरी गावच्या भंवरीदेवीवर १९९२ मध्ये बलात्कार झाला. बालविवाह थांबवायचं सरकारी काम करत होती म्हणून झाला. त्यानंतर स्त्री संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ रोखणारा कायदाच देशात नव्हता. न्यायालयानं १३ ऑगस्ट १९९७ च्या विशाखा निकालात सीडॉचा आधार घेतला. सरकारनं जगापुढं जे कबूल केलंय आणि जे आपल्या घटनेच्या विरुद्ध नाही, ते कायदा होईपर्यंत इथं लागू करता येतं, असं म्हणून न्यायालयानं मार्गदर्शक नियमच घालून दिले. सरकारनं सही परदेशात दाखवायला केली होती, ती संघटनांनी इथल्या कोर्टात वटवली. त्यातूनच सोळा वर्षांनी २०१३ चा कायदा आला.

आता त्याच्या अंमलाकडे या. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथं मालकानं अंतर्गत समिती नेमायची. दहापेक्षा कमी असतील तिथल्या बाईसाठी, मालकाविरुद्धच तक्रार असेल तेव्हा, आणि घरकामगार बाईसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती. म्हणजे डोंबिवलीच्या एमआयडीसीतला छोटा कारखाना, कल्याणचं दुकान, घोडबंदरच्या टॉवरमधलं घरकाम, या सगळ्यांसाठी. इथून जिल्हाधिकारी कार्यालय चालत जाण्याच्या अंतरावर आहे. हात वर करा, स्थानिक समितीवर कोण कोण आहे हे किती जणींना माहीत आहे? (चार हात वर झाले.) बघा. मागे एका छोट्या कारखान्यातल्या मुलीला घेऊन मी एका सरकारी कार्यालयात गेले होते. तीन टेबलं फिरलो. तिसऱ्या टेबलावर सांगितलं, "मालकाशी बोलून मिटवा ना." मुलगी माझ्याकडे बघायला लागली. तिची रोजी बुडत होती. पुढच्या वेळी आम्ही कायद्याची मराठी प्रत घेऊन गेलो, तेव्हा अर्ज घेतला आणि पोच मिळाली. पण बरोबर कुणी नसती तर? मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही म्हटलं की, या कायद्याच्या अंमलबजावणीत गंभीर उणिवा आहेत आणि समित्या अनेक ठिकाणी नेमलेल्याच नाहीत.

सीडॉचं आणखी एक दार आहे, ते आपल्याला बंद आहे. १९९९ मध्ये त्याला एक ऐच्छिक जोडकरार झाला. तो मान्य केलेल्या देशातली बाई, देशातले सगळे मार्ग संपल्यावर, थेट सीडॉ समितीकडे तक्रार करू शकते. भारतानं तो मान्य केलेला नाही. सरकारनं अहवाल द्यायचा, आपण पर्यायी अहवाल द्यायचा, एवढंच आपल्या हातात आहे.

परदेशी कागदाशिवाय

मग संस्था सुधारायला बाहेरचेच करार लागतात का? मुळीच नाही. १९९३ चाच आणखी एक कागद आहे आणि तो सगळ्यात मोठा आहे. ७३वी आणि ७४वी घटनादुरुस्ती. पंचायतीत आणि नगरपालिकेत बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या. तसाच माहितीचा अधिकार. महाराष्ट्रात तो २००२ मध्ये आला, देशात २००५ मध्ये. राजस्थानच्या मजुरांनी हजेरीपट दाखवा म्हणून धरणं धरलं, इथं उपोषणं झाली, त्यातून तो आला. कुठल्याही परदेशी करारापेक्षा या दोन गोष्टींनी आपली कार्यालयं जास्त बदलली.

आणि या गोष्टी मोडतात तेव्हा बाहेरचा कुणी विचारायला येत नाही, हेही आपण पाहिलं. कल्याण-डोंबिवलीत नोव्हेंबर २०२० पासून आणि ठाण्यात मार्च २०२२ पासून निवडून आलेली सभाच नव्हती. जानेवारी २०२६ मध्ये निवडणुका झाल्या. मधल्या काळात पूल, रस्ते, मोठमोठ्या योजना चालू राहिल्या. निम्म्या जागांवरच्या बायका मात्र सभागृहाबाहेर होत्या.

आजचे करार आणि आपले तीन प्रश्न

आता पुन्हा करारांचा हंगाम आहे. मार्च २०२४ मध्ये स्वित्झर्लंड, नॉर्वे वगैरे चार देशांशी करार झाला, तो १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. २४ जुलै २०२५ ला ब्रिटनशी झाला. पहिल्यात शाश्वत विकासाचं आणि कामगारांचं प्रकरण आहे. दुसऱ्यात तर व्यापार आणि स्त्री-पुरुष समानता असं वेगळं प्रकरणच आहे. वाचून बरं वाटतं. पण दोन्हींत ही प्रकरणं तंटा सोडवण्याच्या यंत्रणेबाहेर ठेवली आहेत. जकातीचं भांडण लवादाकडे जाऊ शकतं, समानतेचं जाऊ शकत नाही. युरोपच्या त्या १९९३ च्या कलमासारखंच हे आहे. म्हणून ते फेकून द्यायचं का? नाही. सीडॉही शोभेचाच वाटला होता. सरकारनं सही केलेलं वाक्य आपण जपून ठेवायचं, कधी तरी ते कोर्टात वटवता येतं.

आणि काही करार तर आपल्या दारातच आहेत. बुलेट ट्रेनचं ठाण्याचं स्टेशन दिव्याजवळ म्हातार्डीला होतं आहे. त्याचा मोठा खर्च जपानच्या जिका संस्थेच्या कर्जातून आहे. बाधितांशी सल्लामसलत करावी, बायकांसारख्या दुबळ्या राहणाऱ्या गटांकडे विशेष लक्ष द्यावं, असं जिकाच्या नियमावलीत आहे, आणि आक्षेप नोंदवायची पद्धतही आहे. शिळफाटा-दिवा पट्ट्यातल्या मैत्रिणींनी ती माहिती करून घ्यावी.

यापुढं कुठल्याही कराराचं नाव ऐकलं की आपल्या बैठकीत तीन प्रश्न विचारायचे. पहिला, कागद सहीच्या आधी आणि मराठीत मिळतो का? दाभोळचा मिळाला नाही, म्हणून पुढचं सगळं झालं. दुसरा, बिघडलं तर दाद मागायचं दार कुणाला आहे? फक्त दोन सरकारांना आणि कंपनीला, की वस्तीतल्या बाईलाही? तिसरा, पैसे संपल्यावर काय उरतं? प्रकल्पासाठी नेमलेल्या तक्रार समित्या प्रकल्पापुरत्याच असतात. विशाखाचा कायदा झाला, म्हणून तो उरला. वीज आयोग कायद्यानं झाला, म्हणून त्याची सुनावणी उरली. कराराच्या अटीचं देशाच्या कायद्यात रूपांतर होतं, तेव्हाच संस्था खरी सुधारते. आणि ते रूपांतर सही करणारे करत नाहीत. आजवर ते भंवरीदेवीसाठी कोर्टात गेलेल्या बायकांनी केलं, सुनावणीत उभ्या राहिलेल्या ग्राहकांनी केलं.

शेवटी एक काम. येत्या महिन्यात प्रत्येक गटानं माहितीच्या अधिकारात एकेक अर्ज टाकायचा. ठाणे आणि कळव्याच्या गटांनी जिल्हाधिकारी कार्यालयात: स्थानिक समितीचे सदस्य कोण, गेल्या तीन वर्षांत किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या? कल्याण-डोंबिवलीच्या गटांनी महापालिकेत: पालिकेत आणि तिच्या कंत्राटदारांकडे अंतर्गत समित्या आहेत का, सफाईच्या कंत्राटी बायकांना त्या लागू आहेत का? मुंब्रा-दिव्याच्या गटांनी भूसंपादन अधिकाऱ्यांकडे: मोबदल्याच्या यादीत किती बायकांची नावं आहेत? अर्जाचा नमुना बाहेरच्या टेबलावर ठेवला आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, पोच घ्यायला विसरू नका. जी उत्तरं येतील ती आपण पुढच्या अंकात छापू. ज्यांना उत्तर येणार नाही, त्यांचं न आलेलं उत्तरही तारखेनिशी छापू.